सणसरच्या बांधावरचा खड्डा

बारामतीच्या एका साप्ताहिकात या माघात चौकट करून एक बातमी आली होती. मथळा असा: 'ऊसतोडीच्या फडात अपंग बालकाला गळ्यापर्यंत पुरले.' पुण्या-मुंबईच्या काही मंडळींनी तिची कात्रणं काढून एकमेकांना पाठवली. आमच्या संघटनेच्या कचेरीतही तीन पोचली. ती बातमी खोटी आहे. ती मी दिली होती. खुलासा लिहून पाठवला, तर संपादक म्हणाले जागा नव्हती. बातमीला मात्र जागा सापडली होती. तेव्हा जागा इथे घेते, आणि सगळा प्रवासच सांगते. नुसता खुलासा केला तर चूक दोन ओळींची वाटेल. ती दहा दिवसांची आहे.

मी पुण्यात अपंग मुलांच्या पालकांच्या एका संघटनेत काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिणं. गेल्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं, त्याच्या आधी महिनाभर आम्ही एस.टी. स्टँडांवर आणि आठवडी बाजारांत एक पत्रक वाटलं. ग्रहणात पांगळं मूल गळ्यापर्यंत मातीत पुरलं की ते चालू लागतं, अशी काही भागांत समजूत आहे. ती किती क्रूर आहे हे त्यात ठणकावून सांगितलं होतं. ते माझंच लिखाण. पुरलेलं मूल मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्यानं माझा आवाज कधी कमी झाला नाही.

पुण्याच्या एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे इंटर्न असतात. पडून असलेल्या मुलाला बसवायचं कसं, चमचा धरायला शिकवायचं कसं, शर्टाचं बटण लावायला हात कसा तयार करायचा, अशी ही विद्या. त्यांना शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "उपचार आम्ही शिकवतो. पण ही शिकाऊ मुलं घराशी बोलत नाहीत. आईला यादी देतात आणि मोकळी होतात. तू त्यांना दहा दिवस बारामती-इंदापूरकडे ने आणि मुलाभोवतीचं घर कसं बघायचं ते शिकव." मला फार बरं वाटलं. घरातल्या माणसांचं ऐकत नाहीत म्हणून डॉक्टरांवर मी तीन पत्रकं लिहिली होती.

बारामती

माझ्याबरोबर दोघं होते. नीता मुंबईची, दादरची. पांढरे बूट, भराभर बोलणं. सुदर्शन नागपूरकडचा, उंच, बोलण्याआधी मान खाली घालणारा. सामानात फोमचे तुकडे, चटया आणि एक मोठा निळा चेंडू. मुलाला त्यावर पालथं घालून पाठीचा व्यायाम घेतात. हवा भरायचा पंप एकच आणि तो नादुरुस्त, म्हणून नीतानं चेंडू फुगवलेलाच आणला होता. एस.टी.त तो एका सीटवर बसला. कंडक्टर आला, त्यानं चेंडूकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"ह्याचं तिकिट?"

"अहो, बॉल आहे," नीता म्हणाली.

"बॉल हाय ते दिसतंय की. सीट अडीवलीय न्हवं? टपावर टाकला तर यवतपातुर फुटंल. बारा वर्साच्या आतला हाय का?"

"तीन महिन्यांपूर्वी घेतलाय."

"मग मांडीवर घ्या. मांडीवरच्याला तिकिट न्हाय."

बारामतीपर्यंत सुदर्शननं तो मांडीवर घेतला. त्याचं तोंड पुढे दिसतच नव्हतं. या प्रवासात आम्ही हसलो ते इतकंच.

बारामती गाव नीटस. रुंद रस्ते, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं, दर चौकात सहकाराची एखादी पाटी. शाळेच्या एका हॉलमध्ये शिबिर होतं. पहिल्याच सकाळी सुप्याकडची एक बाई चार वर्षांची मुलगी घेऊन आली. मुलीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. नीतानं तपासलं, सहा व्यायाम दाखवले आणि कागद हातात दिला. "दिवसातून चार वेळा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. कराल ना?"

"व्हय, करते की."

नीतानं तक्त्यात 'पालकांचे सहकार्य' या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं. मी तिथेच तिला थांबवलं. बाईला विचारलं, "नक्की कधी करणार? दिवस कसा जातो तुमचा?"

बाई पदर तोंडाला लावून हसली. "तुमी म्हनला म्हून व्हय म्हनलं. सकाळच्याला पानी, मग रान. तिकडनं आलं की चूल. पोरीला मी कुठं सांभाळते? सासू धरती तिला. तिला सांगा की."

"कुठं आहेत त्या?"

"ती काय, भाईर. तिला आत बोलवलंच न्हाय कुनी."

सासू शाळेच्या कट्ट्यावर सकाळपासून बसून होती. सुदर्शन बाहेर गेला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. व्यायाम समजावून सांगायला लागला तर म्हातारी म्हणाली, "लई शिकलास बाबा, पर पोरगी कडंवर घ्यायची कशी ते ठावं न्हाय तुला. आण हिकडं." तिनं मुलीला कमरेवर असं घेतलं की दोन्ही पाय दोन बाजूंना आपोआप फाकले. नीताच्या सहा व्यायामांतले तीन त्या एका घेण्यात होते. आणि म्हातारी ते दिवसभर करत होती.

मला चेव चढला. त्या दुपारी मी फळ्यावर लिहिलं: 'मुलाला हात लावण्याआधी घराला विचारा. विचारल्यावर गप्प बसा.' दोघांना ते वहीत उतरवून घ्यायला लावलं. तासभर बोलले. म्हणाले, तुमच्या विद्येचा माज इथे उतरवून ठेवा. म्हणाले, दिल्लीत नुकता अपंगांसाठी कायदा झालाय, पण आईचं बोलणं पुरं ऐकून घेण्याचा कायदा कोणी करणार नाही, तो तुम्ही स्वतःवर करायचा. नीता रडकुंडीला आली. मला वाटलं, शिकवणं चांगलं चाललंय.

संध्याकाळी त्याच बाईनं आम्हाला तिच्या घरी नेलं. सुप्याचा माळ उन्हात भाजून निघालेला, दूर तीन चिंकारा उभे, आमच्याकडे बघून न बघितल्यासारखे. शेतात आगटी पेटवून तिनं ज्वारीची कणसं भाजली. हुरडा, लसणाची चटणी, दही. पुण्यात आग्रह करतात, 'घ्या ना, अजून घ्या ना', आणि ताटाकडे बघतात. इथे कोणी आग्रह केला नाही. हात रिकामा दिसला की ओंजळभर हुरडा त्यात येऊन पडत होता. बारामतीतच त्या साप्ताहिकाचे संपादकही भेटले. शिबिराची बातमी घ्यायला आले होते. "तिकडं इंदापूर भागात काही खळबळजनक दिसलं तर कळवा," म्हणाले. मी त्यांचा पत्ता वहीत लिहून घेतला.

सणसर

सणसरला आम्ही आबा म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी उतरलो. आबांचे वडील मेंढरं राखून होते. कळप गेला, कालव्याचं पाणी आलं, आता दोन एकर ऊस आहे आणि मुलगा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर आहे. आबांची जीभ धारेची. नीतानं चेंडू ओसरीवर ठेवला तसं म्हणाले, "आता पोरं खेळवायची बी डिगरी निगाली व्हय? आमची म्हातारी मग डाक्टरच म्हनायची." रात्री जेवायला हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. नीतानं माडगं चाखून विचारलं, "हे सूप आहे का?" आबा म्हणाले, "सूप म्हंजे धान्य पाखडायचं. ह्ये पोटात टाकायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेकडे निघालो. वाट उसाच्या फडातून होती. तोडणी चालू होती. बीड जिल्ह्यातली टोळी, नवरा-बायकोच्या जोड्या; अशा एका जोडीलाच तिथे 'कोयता' म्हणतात. पुरुष तोडत होते, बायका तोडत तोडत मोळ्याही बांधत होत्या, जमिनीवर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, गुडघाभर थर. आणि बांधाच्या कडेला, जमिनीतून वर आलेलं एक मूल.

काखेपर्यंत मातीत. भोवती पाचट. जवळ कोणी नाही. पाचेक वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला, तोंडातून लाळ, आणि डोळे समोर लागलेले.

ज्याच्याबद्दल इतकं लिहिलं ते समोर होतं. मी धावले. नीता माझ्यामागून आली. आम्ही दोघींनी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. त्यानं अंग धनुष्यासारखं ताणलं आणि किंचाळला. फडातून एक बाई कोयता हातात घेऊन पळत आली.

"ओ बाई! उचलू नका त्याला! ठिवा आदी!"

"तुम्ही आई आहात याची?"

"व्हय, मीच. सोपान, सोपान, न्हाई रे रडायचं. ठिवा त्याला. आडवा झाला की ठसका लागतो, घास सुदिक उतरत न्हाई त्याच्या."

"किती दिवस पुरताय?"

"काय?"

"मातीत पुरून मूल बरं होत नाही. कोणी सांगितलं हे? देवऋष्यानं?"

"कुन्या देवऋष्यानं? म्याच केलाय. त्याला बसाया..."

"तुम्हीच केलात!" मी नीताकडे वळले. "ऐकलंस? स्वतः आई!"

त्या बाईचं, मंदाचं, वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. 'त्याला बसाया' इथे मी तिला तोडलं. सुदर्शन मागे उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, तिले विचारा ना आधी..." मी म्हणाले, "मध्ये बोलू नकोस." बारामतीत फळ्यावर काय लिहिलं होतं ते वर सांगितलंच आहे.

टोळीचा मुकादम आला. धुतलेला पायजमा, हातात वही. "बाई, कुठल्या तुमी? पुन्याच्या? पेपरच्या हाईत का?"

"वेळ पडली तर पेपरात पण देईन," मी म्हणाले.

तो मंदाकडे वळला. "बुजीव गं ते. बुजीव म्हंतो ना." ती हलली नाही. तेव्हा त्यानंच पायानं माती लोटली. नीतानं चटई अंथरली, मागे फोमचा तुकडा लावून सोपानला बसवायला गेली. तो कडेला कलंडला. पुन्हा बसवला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा मंदानं त्याला उचललं आणि पाठीला बांधलं. पाठीवर मूल घेऊन ती वाकली आणि ऊस तोडायला लागली. जाता जाता माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आता मागं बघू का फुडं?"

मला तो टोमणा वाटला. तो प्रश्न होता.

आबांच्या ओसरीवर बसून मी दोन पानं लिहिली. काखेपर्यंत होतं ते मी गळ्यापर्यंत केलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे. आमच्या पत्रकात गळ्यापर्यंत होतं, आणि हात तसाच वळला. मुकादमाचं नाव टाकलं, टोळीचं गाव टाकलं. सकाळची दुधाची गाडी बारामतीला जाते, तिच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलं. आबांनी विचारलं, "कुनाला एवढं?" मी म्हणाले, "जगाला." आबा म्हणाले, "जगाचा पत्ता लिवलाय न्हवं नीट?"

इंदापूर

इंदापूरला तीन दिवस शिबिर झालं. मुलं आली, तपासली, व्यायाम दाखवले, तक्ते भरले. मी प्रत्येक वेळी सणसरचं उदाहरण देत होते. पालक मान हलवत होते, एक-दोन बाया 'अगं बाई' म्हणत होत्या, आणि मला आणखी बोलावंसं वाटत होतं. सुदर्शन बोलायचाच बंद झाला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी लवकर मोकळे झालो. एकाच्या जीपमधून उजनीच्या पाण्याकडे गेलो. धरणाचं पाणी इथवर पसरलंय. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या जुन्या वाटा काठापर्यंत येतात आणि पाण्यात शिरतात. उथळ जागी रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी, एका पायावर. आम्ही तळलेली मच्छी मागवली. नीता म्हणाली दादरला यापेक्षा ताजी मिळते, मग खाऊन बघितली आणि आणखी एक तुकडा घेतला.

सुदर्शननं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढलं होतं. तो कागद त्यानं माझ्यासमोर सरकवला.

"हे काय?"

"तो खड्डा, मॅडम. मुकादम माती लोटायच्या आधी मी पाहिला ना."

खड्डा उभा कापून दाखवावा तसं चित्र होतं. तळ सपाट. तळाच्या वर, मागच्या बाजूला मातीतच कोरलेली पायरी.

"पोरगा पायरीवर बसते. पाय खाली टेकते. मांडी आन पोटरी बरोबर काटकोनात. पाठीमागं पोतं होतं, पाचट भरलेलं, मऊ. समोर उसाचं कांडं आडवं रोवलं होतं, धरायले. दोन्ही बाजूनं माती, म्हणून कलंडत नाही." त्यानं चित्रातल्या पायरीवर बोट ठेवलं. "आम्हाले कॉलेजात अशी खुर्ची बनवाले पंधरा दिवस लागले. सुतार होता सोबत. आमची तरी इतकी बरोबर नाही झाली."

मी हातातला घास ताटलीत ठेवला आणि कागद जवळ ओढला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो ना. तुम्ही म्हणाल्या, मध्ये बोलू नको."

नीता ताटलीतला काटा बोटानं फिरवत होती. "मला पण उचलताना पायरी लागली होती हाताला, ताई. पण तू इतकी खात्रीनं बोलत होतीस ना. मला वाटलं तुलाच माहीत असणार."

दहा दिवसांत या दोघांना मी काय शिकवलं, ते मला त्या वाक्यात ऐकू आलं. त्यांचे डोळे बरोबर होते, हात बरोबर होते. मी त्यांना माझ्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

लगेच इंदापूरला परतलो. एस.टी.डी. बूथवरून साप्ताहिकाला फोन लावला. तासाभरानं लागला. संपादक खुशीत होते. "अंक कालच बाहेर पडला. चौकट केलीय तुमची. पहिल्या पानावर."

पुन्हा सणसर

सकाळी पहिल्या गाडीनं गेलो. आबा ओसरीवर अंक घेऊन बसले होते. नातवाकडून वाचून घेतला होता.

"या. जगाला पोचलं तुमचं."

मी म्हणाले, "आबा, चूक झाली. तो खड्डा पुरायचा नव्हता, बसवायचा होता."

"ते मला सांगती व्हय? मेंढरामागं असताना आमची आय आमाला असंच बसवायची. मी आन माजा धाकटा. तळ टाकला की आदी खड्डा, मग चूल. खाली लोकर घालायची. न्हायतर रांगतं पोर मेंढराच्या पायाखाली जाईल, न्हाय तर इस्तवात. तवा कुठं आमी पांगळं व्हतो?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं का? 'कुनाला एवढं' म्हून मी इचारलं. तुमी 'जगाला' म्हनला. जगाच्या मधी आमी कशाला पडावं?"

आम्ही फडाकडे गेलो. तोडणी शेजारच्या रानात सरकली होती. मंदा मोळ्या बांधत होती. तिची पाठ मोकळी होती.

"सोपान कुठाय?" सुदर्शननं विचारलं.

ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "गावाला."

मग तिचा नवरा बोलला. अंक कारखान्याच्या गेटवर पोचला, तिथून मुकादमापर्यंत. मुकादम भ्यायला. पोलीस येतील, टोळीचं नाव खराब होईल, पुढल्या हंगामाला कोण बोलवील? त्याच संध्याकाळी बीडकडे परतणाऱ्या एका टेम्पोत एका नात्यातल्या बाईबरोबर त्यानं सोपानला गावी, आजीकडे पाठवून दिलं. मंदानं बरोबर जाते म्हटलं तर म्हणाला, तू गेलीस की कोयता मोडला, एकट्या गड्याचं काम मी कुठं धरू? हंगाम उठल्याशिवाय जायचं नाही. म्हणजे अजून दोन-अडीच महिने.

"आजी भरवतील ना नीट?" नीतानं विचारलं. विचारताना तिलाच उत्तर माहीत असावं, कारण आवाज बारीक झाला होता.

मंदानं मोळी खाली टाकली. "म्हातारीला निम्मं दिसतंय. ती मांडीवर आडवा घेती आन घास घालती. तिनं तिची सात लेकरं तशीच वाढिवली, तिला काय सांगावं? सोपानला आडवं चालत न्हाई. घास छातीत जातो त्याच्या. दोन बारीला काळानिळा झाला व्हता, तवापासनं मी खड्ड्यात बसवून भरिवते. रोज नवा खड्डा. फड सरकला की खड्डा सरकतो. माज्याकडं तोंड करून. मी दिसले की तोंड उघडतो, न्हाईतर उघडत बी न्हाई."

मी म्हणाले, "मी उद्याच तुमच्या गावाला जाते. आजींना दाखवून येते."

तिचा नवरा पुढे झाला. आवाज चढवला नाही. "नका जाऊ, ताई. तितं अजून पेपर पोचला नसंल. तुमी गेलात की पोचंल. मंग गाव म्हनंल, ह्यांनी खरंच पुरलं व्हतं, पुन्याची बाई चौकशीला आली. तुमी जाऊ नका, एवढं करा."

मी जन्मात कोणाला 'बरं' म्हणून गप्प बसले नव्हते. तिथे बसले.

सुदर्शननं तक्त्याचा कागद काढला. "ताई, माप सांगता का? मी लिहून पाठवतो. पोस्टानं. गावातले मास्तर वाचून दाखवतील. संघटनेचं नाव नाही टाकत, काही नाही टाकत. फक्त खड्डा कसा खणायचा ते."

मंदानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मग जमिनीवर बसून तिनं वीत मांडली. "खाली दोन वीत, पाय टेकाया. मंग पायरी, दीड वीत रुंद. त्याच्या मांडीएवढी, जास्त न्हाई. जास्त केली की फुडं घसरतो. पाठीला थोडी उतरती माती, लई उभी नको. पोत्यात पाचट भरायचं, पर मानेजवळ गाठ नको, टोचती. दांडा छातीच्या खाली." सुदर्शन लिहीत होता. नीता गुडघ्यावर बसून मापं पुन्हा म्हणून दाखवत होती, आणि मंदा चुकलं की तिच्या हातावर चापट मारत होती. "पायरी म्हनलं मी. तळ न्हाई."

दहा दिवसांतला खरा वर्ग तोच. शिकवणारीच्या हाताला उसाचा चिकट रस लागलेला होता, आणि ट्रक भरायला येईपर्यंतचाच वेळ होता.

लिहून झाल्यावर ती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं. मग म्हणाली, "ब्येस काढलंय. पर म्हातारीच्यानं व्हायाचं न्हाई ते."

"का?"

तिनं मूठभर माती उचलली आणि दाबली. काळी, ओली, कालव्याच्या पाण्याची माती. बोटांचे ठसे उमटले. "हितं हात घातला की खनतं. आमच्याकडं मुरूम हाय. पहार लागती. म्हातारी पहार उचलंल व्हय? गडीमानूस तर सगळा हिकडंच हाय."

सुदर्शननं तरी कागदाची घडी घातली, पत्ता विचारला, लिहून घेतला. त्यानं ते पत्र इंदापूरच्या पोस्टात टाकलं, हे मी पाहिलंय. याहून जास्त मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते आता मी लिहिणार नाही.

ट्रकचा हॉर्न वाजला. नवरा मोळ्या डोक्यावर चढवू लागला. मंदा उठली, पदर कमरेला खोचला आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या भेटीत माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलली. राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ताई, तुमच्या पुन्यात असली लेकरं असत्याल की."

"आहेत. पुष्कळ."

"त्यांना कुठं बसवत्यात?"

मी तिथे कायदा सांगू शकले असते, आमची संघटना सांगू शकले असते, रुग्णालयातल्या खुर्च्या सांगू शकले असते. पण मी ज्या घरांमध्ये जाते ती घरं मला माहीत आहेत. म्हणाले, "बसवत नाहीत बहुतेक ठिकाणी. आतल्या खोलीत, कॉटवर. पाहुणे आले की दार लोटतात."

तिनं विचार केला.

"तितनं आय दिसती का त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, मोळी उचलली आणि ट्रककडे गेली.